पूजेआधी सायकल चालवायची नाही!

आमच्या घरात नवं वाहन पूजा झाल्याशिवाय कोणी चालवत नाही. आजवर यात काही अडचण नव्हती. स्कूटर असो की मोटार, दुकानाचाच माणूस ती थेट पट्टीश्वरम्‌च्या देवीच्या देवळापुढे आणून उभी करायचा. पण बायकोची विजेची सायकल खोक्यात बसून कुंभकोणमला घरी आली, आमच्या ओट्यावर जोडली गेली, आणि तिथेच अडकली!

वैदेही, म्हणजे माझी बायको, आडुतुरैच्या शाळेत गणित शिकवते. इतकी वर्षं बसच्या दांड्याला लोंबकळून जाते. त्यामुळे सायकल आल्या आल्या तिने जाहीर केलं, "पहिल्यांदा मी चालवणार. तुम्ही बसलात तर बघा!"

"पण देवळापर्यंत न्यायची कशी?"

"उचलून," चंपाआत्या म्हणाली. (आत्याचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरात उतरलं ते तिथेच राहिलं. हुकूमही त्याच काळातले.)

"एवढंच ना? मी नेतो!" (हे वाक्य माझ्या तोंडातून नेहमी विचार करायच्या आधी सुटतं.)

मोटारीच्या डिकीवर सायकल अडकवायचा रॅक मी मागवला. रविवारी राहुकाळ लागायच्या आत निघायचं ठरलं. शेजारचे रामदुरै, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, लुंगीसारखी नेसलेली वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून मदतीला आले.

सायकल उचलायला गेलो तर ती जागची हलेना! तिच्या पोटात कोणीतरी मंदिराची घंटा लपवली असावी.

"सार, बॅटरी काढा. बरंच वजन कमी होईल," रामदुरै तमिळमध्ये म्हणाले. माणूस हुशार.

मी बॅटरीला हात लावला मात्र, दारातून गर्जना झाली, "काय रे, प्राण काढून देवीपुढं नेतात काय? पुरती सायकल ने! दिवा लावून ने!"

"आत्या, भर दुपारी दिवा?"

"नवरीला अंधारात नेतात काय?"

आत्याशी वाद घालणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे. मी बटण दाबलं. दिवा लागला. सायकल सजीव झाली. तिचं हँडल मी धरलं, मागची बाजू रामदुरैंनी धरली आणि आम्ही दोघे कण्हत, कुंथत तिला रस्त्यावर घेऊन आलो.

"वर! अजून वर! सार, पोट आत घ्या!"

"पोट मध्ये येत नाहीये, सायकल मध्ये येतेय!"

पुढचं चाक रॅकच्या आकड्यापाशी टेकतंय न टेकतंय तोच रामदुरैंची वेष्टी सुटली. सभ्य माणसाने अशा वेळी जे करावं तेच त्यांनी केलं. दोन्ही हातांनी वेष्टी धरली! मागचं चाक धाडकन रस्त्यावर आलं, पुढचंही घसरलं. सायकल पडू नये म्हणून मी हँडल जीव खाऊन आवळलं, आणि नेमका माझा अंगठा गती द्यायच्या खटक्यावर बसला.

सायकल निघाली.

मीही निघालो. इलाजच नव्हता! घाबरून मी जितकं घट्ट धरायचो, तितकी ती जोरात पळायची. समोरच्या घरची रांगोळी पुसली. (अर्धी चाकाने, अर्धी माझ्या चपलांनी.) एक कुत्रा आमच्याबरोबर धावला, मग आमचा वेग पाहून मागे राहिला.

"अहो, बसू नका!" मागून वैदेही ओरडत होती. माझ्या जिवाचं काय होतंय ते सोडून!

"बसत नाहीये! लोंबतोय!"

"मग ब्रेक दाबा!"

सायकलला ब्रेक असतो हे मला त्या क्षणापर्यंत आठवलंच नव्हतं. दाबला. सायकल जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही. कोपऱ्यावर विड्याची पानं विकणाऱ्या पानवालीच्या ओल्या टोपलीत मी कमरेपर्यंत पोचलो. पानवाली शांतपणे म्हणाली, "कोवळी पानं त्या बाजूला आहेत, सार."

सगळे धावत आले. सायकलवर ओरखडासुद्धा नव्हता. पण वैदेहीचे डोळे भरून आले होते. "झालं! पूजेआधी चालली. तीही तुमच्या हातून!"

मी टोपलीतूनच आत्याकडे पाहिलं. आता तीच न्यायालय.

"तू वर बसला होतास?"

"नाही."

"पाय पेडलावर?"

"पाय कुठे होते ते मलाच माहीत नाही."

आत्याने क्षणभर डोळे मिटले. "मग ती स्वारी नव्हे. सायकल निघाली, हा मध्ये आला. पण चाक रस्त्याला लागलं ते लागलं, आता उचलायचं कारण उरलं नाही. वैदेही, राहुकाळ लागेल. बैस आणि चालव!"

वैदेहीने पदर खोचला आणि टांग मारली. नंतर ती दिसलीच नाही, नुसती घंटी ऐकू येत राहिली. रिकामा रॅक मिरवत, आत्याला शेजारी बसवून, मी मोटारीतून मागोमाग निघालो.

देवळापुढे गुरुक्कल, म्हणजे तिथले पुजारी, कापूर पेटवून उभेच होते. सायकलभोवती ओवाळायला पुढे झाले तशी आत्या म्हणाली, "तिला काही झालेलं नाही. आधी ह्याची दृष्ट काढा!"

मला सायकलशेजारी उभं केलं. माझ्याभोवती धूर फिरू लागला. तिरुक्करुगावूरहून आलेली एक म्हातारी यात्रेकरू थांबली, मला खालून वर न्याहाळलं आणि वैदेहीला म्हणाली, "हेही नवीन घेतलंत?"

"छे हो," वैदेही हँडल कुरवाळत म्हणाली, "हे लग्नात मिळालंय. बदलून देत नाहीत."