माळावरच्या पाच खुडूक कोंबड्या

मशीनवरचा तापमानाचा आकडा खाली सरकत होता आणि वायरमन फोन उचलत नव्हता. उचलला तेव्हा म्हणाला, डीपी जळाली. डीपी म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. रब्बीच्या मोटारी एकदम चालू झाल्या की आमच्याकडं हे होतंच. नवी डीपी कधी येणार, असं विचारलं तर म्हणाला, तीन-चार दिवस धरून चाला.

वाटूरजवळ माझी लहान हॅचरी आहे. हॅचरी म्हणजे अंडी उबवायचं केंद्र. बायका घरच्या गावरान कोंबड्यांची अंडी आणून देतात, मी इन्क्युबेटरमध्ये पिल्लं काढून देतो. कोंबडी अंगाखाली जे करते तेच हे मशीन करतं. ऊब देतं, ओल राखतं, अंडी फिरवतं. फक्त त्याला लाइट लागते. माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी दिवाळीपासूनच दमलेली होती. बदलू, बदलू म्हणत मी पुढं ढकललं होतं. ती फार तर दिवेलागणीपर्यंत टिकणार होती.

आत पन्नासेक अंडी होती, सगळी कौसाबाईंची. आदल्या दिवशीच मी ती टॉर्चच्या उजेडापुढं धरून पाहिली होती. आत लाल शिरांचं जाळं आणि हलणारी काळी सावली. दोन आठवडे झाले होते, एक उरला होता. कौसाबाईंच्या गावात कोंबड्यांच्या मानमोडीची साथ आली आणि घरोघरची खुराडी रिकामी झाली. कौसाबाईंच्या पाच-सहा कोंबड्या आणि एक कोंबडा तेवढे वाचले. रोगातून तरलेलं ते वाण होतं, म्हणून एकेक अंडं त्यांनी जपून साठवलेलं.

परतूरला जनरेटर भाड्यानं देणारे दोघं आहेत. दोघांचेही जनरेटर लग्नांत गेलेले. अंबडच्या एका ओळखीच्या हॅचरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, बाहेरची अंडी मधेच आत घेतली तर माझ्या बॅचला रोग लागेल. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

मग कौसाबाईंना फोन लावला. लपवण्यात अर्थ नव्हता. बॅटरीचंही सांगून टाकलं. 

"भाऊ, कोंबडा राह्यला न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमाला अंडी दिली त्याच आठवड्यात कुत्र्यानं नेला. आता ही अंडी गेली की वाण गेलं."

कोंबडा नसला तर अंड्यातून पिल्लू निघत नाही. म्हणजे मशीनमधली ती अंडी शेवटची होती.

उपाय एकच होता, खुडूक कोंबड्या. अंडी देणं थांबवून उबवायला बसलेली कोंबडी म्हणजे खुडूक. पण गावात एकही मिळणार नव्हती, आणि त्याला मीच कारण होतो. खुडूक कोंबडी महिना-दोन महिने अंडं देत नाही. म्हणून मी दारोदार सांगत फिरलो होतो की खुडूक मोडा आणि अंडी माझ्याकडं द्या. माझ्या शब्दावर बायकांनी कोंबड्या पाण्यात बुचकळल्या, त्यांच्या नाकात पिसं घातली. हिशोबाला सल्ला बरोबर होता. त्या दिवशी मात्र मला त्याची लाज वाटली.

माझं ऐकलं नव्हतं फक्त माळावरच्या वस्तीनं. तिथं गेलो. रुक्मिनमावशी अंगणात तूर झोडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"मशीन खुडूक बसना का?" त्या म्हणाल्या. "पिसं घालून पाह्यली का नाकात?"

शेजारच्या बायका हसल्या. मीही हसलो, दुसरं काय करणार? मावशींकडं नुकत्याच खुडूक झालेल्या पाच कोंबड्या होत्या, त्यांच्याखाली अजून अंडी ठेवलेली नव्हती. मावशी द्यायला तयार होत्या, पण अर्धेलीनं. आमच्याकडं रीत आहे. अंडी एकाची, कोंबडी दुसऱ्याची, तर पिल्लं निम्मी निम्मी.

अंडी माझी नव्हती, होकार मी देणार कसा? फोन लावून स्पीकर चालू केला.

"निम्मी तर निम्मी," कौसाबाई म्हणाल्या. "पर कोंबडे ओळखायला आले की पहिली निवड माझी."

"आदी निघू तर दे बाई," मावशी म्हणाल्या. "मंग निवड बिलकुल तूच कर."

इथं मी घाई केली. पाचही कोंबड्या टोपल्यांत घालून हॅचरीवर आणल्या. तिथं त्या उठून उभ्या राहिल्या आणि हॉलभर फिरायला लागल्या. एकही बसेना. खुडूक कोंबडी तिच्या जागेवर खुडूक असते. जागा बदलली की तिचं मन मोडतं. कोंबड्यांच्या धंद्यात इतकी वर्षं घालवून मी हे विसरलो. कोंबड्या तशाच परत नेऊन आपापल्या खुराड्यात सोडल्या आणि पुन्हा बसेपर्यंत जीव टांगणीला लागला. चार लगेच बसल्या. पाचवीनं दिवेलागण केली.

आता अंडीच त्यांच्याकडं न्यायची होती. टोपलीत भुसा, वर गोधडी, कडेनं गरम पाण्याच्या बाटल्या. रिक्षात टोपली मांडीवर घेऊन बसलो आणि ड्रायव्हरला सांगितलं, पोटुशी बाई बसली आहे समजून चालव. अंधार पडल्यावर एकेक अंडं कोंबड्यांच्या पोटाखाली सरकवलं. एकीनं माझ्या मनगटाला चोच मारली, मग त्याच चोचीनं अंडं आत ओढून घेतलं. 

डीपी चौथ्या दिवशी आली. अंडी परत मशीनमध्ये आणा, असं दोघा-तिघांनी सुचवलं. मशीन माझं, नाव माझं, मलाही मोह झाला. पण कोंबड्या नीट बसल्या होत्या. चालू काम मोडायचं नाही असं ठरवलं आणि मशीन रिकामं ठेवलं. त्या बॅचमधलं माझं सगळ्यात चांगलं काम हेच, असं मी आजही मानतो.

सात अंडी वाया गेली, बाकी सगळ्यांतून पिल्लं निघाली. लाइट कधी गेली नव्हती तेव्हाही माझ्या मशीननं गावरान अंड्यांचा असा निकाल फार वेळा दिलेला नाही. दोन महिन्यांनी तुरे दिसायला लागले, तेव्हा कौसाबाई वस्तीवर आल्या आणि सगळा कळप निरखून त्यांनी आपल्या वाट्याचे तीन कोंबडे उचलले. मावशी म्हणाल्या, नेमके चांगले नेले. कौसाबाई म्हणाल्या, मंग काय वाईट नेऊ? त्यांच्या अंगणात आज त्या कोंबड्यांची पिल्लावळ आहे. तिथून जाताना मी गाडी हळू करतो.

बायकांना मी अजूनही अंडी मशीनला द्या असंच सांगतो. फक्त पाचांत एक खुडूक बसू द्या म्हणतो. मशीन बंद पडलं तर ती कामाला येते, आणि नाही पडलं तरी पिल्लं काढतेच.