लोणंदच्या फलाटावरची बाई

दुपारी भांडी आवरली की मी मोबाइलवर गोष्टी वाचते. एका ॲपवर आपल्याच भागातले लोक टोपणनावानं लिहितात. तिथल्या एका मालिकेचा मला नादच लागला होता. गावाचं नाव बदललेलं, पण यात्रेतली भांडणं, उसाच्या पाण्याच्या पाळ्या, माणसांचं बोलणं, सगळं आमच्या शिवारातलं. लिहिणारी कुणी बाई होती.

एका भागात एक सून पिशवी भरून घर सोडते. लोणंदच्या फलाटावर बसते. मिरजेकडची गाडी येते, पण ती चढत नाही. गाडी गेल्यावर बाजारातून कांदे घेते आणि कांद्यालाच गेले होते असं घरी सांगते.

मी वाचता वाचता थांबले. ती सून मीच होते.

नवरा फौजेत, लांब सरहद्दीवर होता तेव्हाची गोष्ट. सासूबाईंनी माझी बी.ए.ची पुस्तकं रद्दीवाल्याला देऊन टाकली, म्हणून मी सांगलीला माहेरी निघाले होते. गाडी समोर उभी राहिली आणि आईला काय सांगायचं तेच सुचेना. हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते. मग हिला कळलं कुठून?

संशय थोरल्या जाऊबाईंवर गेला. त्या दिवशी माझी पिशवी बघून त्याच म्हणाल्या होत्या, "कांद्याला एवढी फुगलेली पिशवी गं?" शिवाय हल्ली त्यांच्याही हातात सारखा मोबाइल असायचा. मी जवळ गेले की त्या तो पदराआड घ्यायच्या. खात्री करायला मी एक थाप मारली. माहेरी असताना मी नाटकात काम करायचे, असं त्यांना सहज बोलता बोलता सांगितलं. आता हे गोष्टीत आलं की पकडलंच.

गोष्टीत नाटक काही आलं नाही. मला वाटलं, बाई सावध झाली. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागले. शेवटी त्यांनीच विचारलं, "माझं काय चुकलं का?" मी भाकरी थापत राहिले.

पुढचा भाग आला. त्यात मिरजेकडच्या त्याच गाडीतून एक जवान उतरतो. न कळवता सुट्टीवर आलेला. समोर बाकावर त्याची बायको बसलेली दिसते आणि तो हाक न मारता खांबामागं थांबतो.

मी फलाटावरून परतले त्याच दिवशी संध्याकाळी नवरा अचानक घरी आला होता. सगळे खूश झाले होते, मी तर रडलेच होते.

आता तो निवृत्त होऊन शिरवळला एका कंपनीत सुरक्षारक्षक आहे. हा भाग वाचला त्या दिवशी त्याची सुट्टी होती, अंगणात मोटरसायकल पुसत बसला होता. मी मोबाइल पुढं धरला.

"आवं, हे तुम्ही लिहिता?"

त्यानं फडक्याला हात पुसले, बराच वेळ. "व्हय."

"बाईच्या नावानं?"

"फौजी असून गोष्टी लिवतोय म्हणून दोस्त हसले असते."

"मला बघितलं होतं, तर हाक का नाही मारली?"

तो खाली बघत म्हणाला, "तुला कोण न्यायला येतंय का, त्ये बघत हुतो."

मी जाऊबाईंवर संशय घेत बसले होते, आणि खुद्द नवऱ्यानं माझ्यावर घेतलेला संशय इतकी वर्षं पोटात ठेवला होता.

"कोण आलं न्हाई, तवा माझीच मला लय लाज वाटली," तो म्हणाला. "मग कोणत्या तोंडानं इचारणार?"

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. जाऊबाईंकडं मात्र गेले आणि सगळं खरं सांगितलं. त्या आधी रागावल्या, मग मोबाइल उघडून दाखवला. माझ्यापासून लपवून त्या चोरून इंग्रजी बोलायला शिकत होत्या.

नवऱ्यानं विचारलं, "काढून टाकू का गोष्ट?"

"नको," मी म्हटलं. "पण तो जवान खांबामागं कशाला थांबला, तेही लिहा. जसंच्या तसं."

त्यानं लिहिलं. खाली वाचकांनी त्या जवानाला नको नको ते सुनावलं. तो ओसरीवर बसून एकेक वाचत होता. मी चहा दिला आणि शेजारी बसले.