हेल्मेटमधली मेणबत्ती

साकोलीला हायवेवर माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकाने जीव सोडला आणि मी पंक्चरवाल्यापुढे जाऊन उभा राहिलो. पन्नाशीचा, पोट सुटलेला गडी. तो साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होता.

"थांबा न भाऊ पाच मिनिटं. आज माह्या बाप्तिस्म्याचा दिवस आहे. वाढदिवस विसरतो मी, पण हा नाही."

डब्यातून त्याने बोटभर मेणबत्ती काढली. तो तान्हा असताना चर्चमध्ये डोक्यावर पाणी ओतून त्याचा बाप्तिस्मा केला, तेव्हा त्याच्यासाठी पेटवलेली. दरवर्षी या दिवशी तो ती एका प्रार्थनेपुरती पेटवतो. त्याने डोळे मिटले, ओठ हलू लागले, आणि शेजारून ट्रक गेला. ज्योत विझली. प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा ट्रक.

"असंच चाललं त आजच संपते हे," तो रडवेला झाला.

मग मी काय केलं? डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि सरदाराने ढाल धरावी तसं गुडघा टेकून ज्योतीच्या आड धरलं. तीन ट्रक गेले, ज्योत टिकली. "आमेन" म्हणून त्याने स्वतःच फुंकर मारली, तेव्हा एक पेर शिल्लक होतं.

मला बुंदीचा लाडू देऊन तो कामाला बसला. माझी ट्यूब टबात बुडवताच बुडबुडे आले.

"पाहा," तो खुशीत म्हणाला, "पाण्यात गेल्याबिगर कोणाचं काय बिघडलं, समजतच नाही."

तोंडात लाडू होता, म्हणून मी नुसती मान हलवली. पुढच्या वर्षी त्या दिवशी पंक्चर नसलं तरी मी हेल्मेट घेऊन जाणार आहे.