साडूभाऊंची हिवाळ्याची चाकं

माझ्या साडूएवढा टायरवर जीव लावणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा सापडणार नाही. आणि माझ्याएवढा टायरमधलं काहीच न कळणारा पंक्चरवालाही दुसरा सापडणार नाही. आम्ही दोघं एकाच घरचे जावई. ते थोरले, मी धाकटा. ते नागपूरहून इंजिनिअर होऊन इकडे आले, मी मूर्तिजापूरहून सातवी नापास होऊन. म्हणजे बायको नर्स, तिचा नवरा म्हणून आलो, कागदावर माझी तेवढीच लायकी होती. मूर्तिजापूरला स्टँडसमोर माझं पंक्चरचं दुकान होतं हे कळल्यावर साडूभाऊंना शिकागोजवळच्या त्यांच्या शॉमबर्गमध्ये पहिल्यांदाच आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. चहासुद्धा न पाजता त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं आणि एक टायर पुढ्यात ठेवून म्हणाले, "बोला." मी काय बोलणार? मी अर्धा तास त्यात ट्यूब शोधत होतो.

गाडी त्यांची जर्मन. चार दारांची, दिसायला एकदम सज्जन, पण पाय जरा जोरात पडला की उधळायची. तिला सतरा इंची, रुंद, उन्हाळ्यातले टायर. साडूभाऊ रोज सकाळी ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सोडायचे. वीस मिनिटांचा रस्ता. एरवी घरात ती दोघं फारसं बोलत नसत, कामाला जुंपलेली माणसं. पण त्या वीस मिनिटांत म्हणे सगळं बोलून व्हायचं. आम्ही आलो त्या पहिल्याच जानेवारीत ही गंमत मी मोडली. एका मित्राकडे नामकरणाला जायचं होतं, बाहेर बर्फ. साडूभाऊ म्हणाले, "काय साडू, जमेल का या टायरवर?" मी म्हटलं, "अहो, एवढे रुंद टायर आमच्याकडे ट्रकला नसतात. चला बिनधास्त." पहिल्याच वळणावर साडूभाऊंनी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी सरळ गेली. एका गोऱ्या माणसाच्या अंगणात, झुडपाला नाक लावून उभी राहिली. ताई खाली उतरल्या, सिल्कची साडी पोटरीपर्यंत उचलली आणि त्या बर्फातून चालत घरी गेल्या. दारात उभं राहून एवढंच म्हणाल्या, "बर्फात या गाडीत मी परत बसणार नाही. आणि भाऊजी, तुम्ही सल्ले देऊ नका."

तेव्हापासून बर्फ पडला की ताई आपली जुनी डबडी गाडी काढून एकट्याच जायच्या. साडूभाऊ खिडकीत कप घेऊन उभे. चहा गार व्हायचा तरी हलायचे नाहीत. मार्चमध्ये बर्फ वितळला तेव्हा ते मला म्हणाले, "साडू, पुढच्या हिवाळ्यात ती माझ्या शेजारी बसली पाहिजे." बस. तिथून टायर सुरू झाले.

तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. पोस्टाने कॅटलॉग यायचे आणि फुकट फोनचा एक नंबर असायचा. साडूभाऊ रोज संध्याकाळी त्या नंबरवर फोन करायचे. तिकडचा पोरगा त्यांचा नुसता श्वास ऐकून ओळखायला लागला. चार महिने फक्त चाकाचा इंच ठरत होता. साडूभाऊंचं म्हणणं, हिवाळ्याला चाक लहान हवं आणि टायर अरुंद. मी म्हटलं, "अहो, पैलवानाला पोराच्या चपला?" तर म्हणाले, "साडू, चिखलात सपाट पाय टाकला तर घसरता की नाही? आणि टाच रोवली तर?" मी लगेच अंगणात जाऊन पाइप सोडून चिखल केला आणि टाच रोवून बघितली. तशीही घसरली. त्यांनी वहीत लिहून घेतलं, ‘साडू अपवाद.’

या काळात त्यांना बाहेर नेणं अवघड झालं होतं. खिशात कायम एक पेनी. दिसेल त्या टायरच्या खाचेत ती उलटी खोचायची आणि नाण्यावरच्या राष्ट्राध्यक्षांचं डोकं किती बुडतं ते बघायचं. डोकं अख्खं दिसलं की टायर संपला. एका लग्नात हॉलमध्ये शिरायच्या आधी त्यांनी पार्किंगच्या दोन रांगा तपासल्या आणि मग वरबापाचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन. सूनबाई छान आहे. मागचं डावं बघून घ्या." मॉलबाहेर तर परक्या बाईच्या टायरला नख लावत बसले होते. बाई पिशव्या घेऊन आली. साडूभाऊ मान वर करून अगदी काळजीने म्हणाले, "मॅडम, युअर रबर इज टू हार्ड." मला इंग्रजीतला ‘सॉरी’ एवढा एकच शब्द येत होता, तो मी त्या दिवशी सगळा वापरून टाकला.

सप्टेंबरात एकदाचे टायर आले. सोळा इंची, काळ्या लोखंडी चाकांवर चढवलेले. त्यांची मुलगी बघून म्हणाली, "बाबा, इट लुक्स लाइक अ कॉप कार." साडूभाऊ म्हणाले, "दिसायला नाही घेतले, बेटा." गॅरेजमधली हवा रबराला बाधेल म्हणून टायर पाहुण्यांच्या खोलीत ठेवले. त्या खोलीत आम्ही राहत होतो. दोन महिन्यांसाठी आलो होतो, दुसरं वर्ष चालू होतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. माझी बायको म्हणायची, "हे चार आणि तुम्ही स्टेपनी."

चाकं चढवायचा दिवस साडूभाऊंनी ठरवला तो धम्मचक्र प्रवर्तनाचा. "चाक फिरवायला याच्यापेक्षा चांगला दिवस कुठला?" असं म्हणाले. सकाळी वंदना झाली, खीर झाली. शेजारच्या पटेलांनी गाडीखाली ठेवायला लिंबू आणून दिलं, तर साडूभाऊ हात जोडून म्हणाले, "आमच्यात लिंबू नाही, टॉर्क रेंच असतो." लिंबू संध्याकाळी वरणात पिळलं. माझ्याकडे काम एकच होतं, टायरवर खडूने डावं-उजवं लिहायचं. मी गाडीसमोर उभा राहिलो आणि माझ्या डाव्या हाताचं ते डावं, उजव्या हाताचं ते उजवं असं लिहून टाकलं. गाडीचंही स्वतःचं डावं-उजवं असतं हे सातवीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. साडूभाऊंनी तीन तास खपून चारही चाकं चढवली, प्रत्येक बोल्ट हवा तेवढा आवळला की होणारी रेंचची ‘टक’ ऐकून मान डोलावली आणि गाडी खाली उतरवली.

ताई दारात शाल घेऊन उभ्या होत्या. वर्षभर त्यांच्यासमोर टायरचा विषय निघाला की त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या. त्या म्हणाल्या, "अहो, बाण मागे का बघतोय?"

साडूभाऊंनी वाकून बघितलं. टायरच्या कडेला बाण असतो, चाक त्या दिशेनेच फिरायला हवं. चारही बाण मागे. गाडी शिकागोला निघाली असती तर टायर मनाने अकोल्याकडे. मी खडू मागे लपवला. वाटलं, आता हा माणूस मला रेंचने मारणार. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ताईंकडे बघत होते.

"तुला बाण माहीत आहे?"

"वर्षभर तेच तर ऐकतेय," ताई म्हणाल्या. "आवाज काय भिंतीतून येत नाही?"

साडूभाऊंनी चारही चाकं परत काढली आणि परत चढवली. अंधार पडेपर्यंत. आणि पूर्ण वेळ शीळ घालत होते.

मग बर्फ पडेना. आयुष्यात कधी नवस न बोललेला माणूस, पण हवामानाची बातमी लागली की टीव्हीसमोर मांडी घालून बसायचा. नोव्हेंबर कोरडा गेला. डिसेंबरात एका सकाळी उठलो तर अंगणात घोट्याएवढा बर्फ. साडूभाऊंनी ताईंना काही विचारलं नाही. आपलीच गाडी झाडली, काचा घासल्या, आणि मग ताईंची डबडी गाडीही झाडून ठेवली. ताई डबा घेऊन बाहेर आल्या. दोन्ही गाड्यांच्या मध्ये थांबल्या. मग जर्मन गाडीचं दार उघडून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मागे बसा. आणि तोंड बंद."

साडूभाऊंनी गाडी अशी चालवली की शाळेची बस आम्हाला ओलांडून गेली, आतल्या पोरांनी टाटा केला. ताईंनी दारावरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. पहिला सिग्नल लाल झाला. साडूभाऊंनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. नुसती थांबली, बाकी काही नाही. मी टाळी वाजवणार होतो, पण ताईंचं ‘तोंड बंद’ आठवलं. साडूभाऊ टायरबद्दल एक शब्द बोलले नाहीत. जन्मात पहिल्यांदा.

दुसऱ्या सिग्नलच्या पुढे ताईंनी दांडा सोडला. पर्समधून एक संत्रं काढलं आणि सोलायला लागल्या. इथली साल चिवट, निघता निघत नाही. एकेक फोड सोलून, बिया काढून त्या साडूभाऊंच्या तोंडाजवळ न्यायच्या. ते रस्त्यावरची नजर न काढता तोंड उघडायचे. "लॅबमधली ती नवीन बाई आहे ना..." असं काहीतरी ताई सांगायला लागल्या, हळू आवाजात. पुढचं मला ऐकू आलं नाही.

संत्र्याला अकरा फोडी होत्या. मी मोजल्या. मागे मी बसलोय हे दोघांच्याही लक्षात नव्हतं, आणि मीही खोकलो नाही.