समासातले तोडकर सर

फोन आला तेव्हा मी फळा पुसत होते. तोडकर सरांची नात, माझ्याच क्लासची. "बाई, आजोबा गेले सकाळी, धारूरला." मी विचारलं, "जाताना काही म्हणाले का गं?" पोरीला वाटलं, बाई गहिवरल्या. मला एवढंच हवं होतं, 'चुकलो' म्हणाले का...

बीडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला ते आम्हाला फिजिक्स शिकवायचे. मी तेलगावाहून एसटीनं यायची. तेलानं चपचपलेल्या दोन वेण्या, आणि डोक्यात हवा अशी की तिच्यावर एसटी चालली असती. परीक्षेत प्रश्न आला: एकच वायू, सुरुवात एकच, तीन वाटांनी दुप्पट फुगवला. एकदा दाब कायम ठेवून, एकदा तापमान कायम ठेवून, एकदा उष्णता आतबाहेर होऊ न देता. कुठं किती उष्णता लागते, क्रम लावा. मी लिहिलं, पहिल्यात सगळ्यात जास्त, दुसऱ्यात त्याहून कमी, तिसऱ्यात शून्य. सरांनी दुसऱ्यावर लाल फुली मारली आणि भर वर्गात उभं केलं. "तापमान वाढलंच न्हाई, मग उष्णता गेली कुठं? तुझ्या वेणीत?" साठ पोरं हसली. मी काय म्हणावं? "पुस्तकात हाय, सर." अशी आमची हुशारी! क्रम तोंडपाठ, कारणाचा पत्ता नाही.

कारण सुचलं परतीच्या एसटीत. वायू फुगताना दट्ट्या ढकलतो, आत आलेली सगळी उष्णता त्या ढकलण्यात खर्ची पडते, म्हणून तापमान जागचं हलत नाही. सकाळी स्टाफरूमकडे धावतच गेले. सर ऐकत राहिले, हातातला चहा निवला... मग म्हणाले, "जा, तास सुरू व्हईल." फुली तशीच राहिली, दोन मार्कांनी पहिला नंबर गेला. त्यानंतर महिनाभर मी रोज त्यांच्या सायकलची हवा सोडली. उन्हात पंप मारता मारता पंपाचं बूड त्यांच्या हाताला चटकायचं, आणि मी लिंबाआडून, किल्ला जिंकल्यासारखी, बघायची. पुढच्याच आठवड्यात सरांनी तो पंप वर्गात आणला. "दाबली की हवा तापती, बाहेरून उष्णता द्यावी लागत न्हाई." असं फक्कड शिकवलं की मीसुद्धा वहीत उतरवून घेतलं. सूड घ्यायचीही अक्कल नव्हती मला.

ती अक्कल पुढं आली. मी क्लास काढला. तापमान कायम म्हणजे उष्णता शून्य, असं कुणी लिहिलं की मी समासात लाल पेनानं लिहिते, 'तोडकर'. पोरं एकमेकांना विचारतात, "तुझे किती तोडकर झाले बे?" गेल्या वर्षी सरांची नात क्लासला आली आणि तिच्या वहीतही एक तोडकर निघाला. ती वही धारूरला पोचली. रविवारी सर काठी टेकत क्लासच्या दारात.

"सुमे, माझं नाव कशापायी घालतीस गं?"

"त्या सकाळी चूक कबूल केली असती, तर घातलं असतं का सर?"

"मला तवाच कळलं हुतं."

"मग आता सांगा की या पोरांना." मी खडू पुढं केला. इतकी वर्षं याच क्षणाची वाट बघत होते मी.

सरांनी खडू घेतला. दाब आणि आकारमानाच्या आलेखावर तिन्ही वाटांच्या तीन रेषा काढल्या, मधल्या रेषेखालची जागा तिरक्या रेघांनी भरली. "हे बघा, हे वायूनं केलेलं काम. या वाटेवर कामाला उष्णता लागतीय. तापमान न्हाई हललं तरी." मला कधी इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना! 'चुकलो' तेवढं म्हणालेच नाहीत. हात झटकले आणि गेले. मी तिथंच, जळत...

आता मीही ती जागा तशीच भरते, खडू आडवा धरून, डावीकडून उजवीकडे, तिरक्या रेघांनी. परवा नात म्हणाली, "बाई, आता तरी आजोबांचं नाव समासातून काढा की." समोर वह्यांचा गठ्ठा होता. पहिल्याच वहीत मधल्या वाटेला शून्य लिहिलेलं. मी लाल पेन उघडलं.

"तुझे आजोबा इतक्यात सुटायचे न्हाईत, पोरी."