कणीक लावून ठेवलेला पखवाज

माझी सून एका गाणाऱ्या ग्रुपची फॅन आहे. पाचसहा पोरं आहेत, मोबाइलवर गातात, नाचतात. त्यांची भाषा तिलाही कळत नाही. तरी भाकरी थापताना मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि मान हलवत राहते. एकदा मी विचारलं, फॅन म्हणजे नक्की काय गं?

ती म्हणाली, "आत्या, गाणं आवडणारे लई असत्यात. खरा फॅन येगळा. त्यांचं काय चुकलं तरी सोडून जात न्हाय."

"आन् तेच एकमेकाला सोडून गेले तर?"

तिनं भाकरी उलटली आणि आवाज बारीक केला. मी कशाबद्दल विचारते ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ होतं. होतं म्हणते, कारण पुढं त्याची दोन झाली आणि आता दोन्ही मिळून एकही नाही. गाव निरवांगीच्या पुढं. मी वडगाव निंबाळकरची लेक. चौथीपर्यंत शाळा झाली, मग म्हशींमागं गेले, मग लग्न. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो, तो लहानपणापासून तसाच आहे. त्यामुळं मी मंडळात कधीच नव्हते. गुरुवारी संध्याकाळी धारा काढून झाल्या की मारुतीच्या देवळात जायचे, सतरंजीच्या अगदी कडेला बसायचे. इंदापूरला भजनाची स्पर्धा असली की जीपमध्ये पाण्याचा जार मांडीशी धरून मागं बसायचे. आमचा पहिला नंबर कधी आला नाही. येताना सगळ्या परीक्षकांना शिव्या घालायच्या, आणि मला त्या शिव्यासुद्धा गोड लागायच्या.

पेटी वाजवून पुढं म्हणणारी एक काकी होती. गावात सगळ्याच तिला काकी म्हणतात. तिच्यामागं झील धरायची, म्हणजे तिनं टाकलेली ओळ उचलून पुढं न्यायची, ती माझी थोरली जाऊ. पखवाजावर चाचा, गावात शिंपीकाम करतात. बायकांच्या मंडळात ते एकटेच पुरुष, आणि मुसलमान. त्यावर बाहेरचे कुणी बोलले तर काकी म्हणायची, "तुमच्यातला एक तरी तालात बसतोय का बघा, मग चाचांना उठवते."

काकीचा आवाज उंच, पण दम कमी. ओळ संपायच्या आतच तिचा श्वास सरायचा. शेवटचा शब्द ती अर्धाच टाकायची आणि जाऊ तो तिथल्या तिथं झेलायची. दुसऱ्या कुणाला तो सांधा कळायचाही नाही. मी त्या सांध्यासाठीच जायचे. दर वेळी वाटायचं, आता पडणार, आणि दर वेळी जाऊ झेलायची. घरी हीच जाऊ मला शेणाच्या पाटीवरून, दुधाच्या कॅनवरून बोल बोल बोलायची. "तोंडात काय गूळ धरलाय का, म्हण की जरा," असं देवळातसुद्धा सगळ्यांदेखत म्हणायची, आणि बायका हसायच्या. तिचा मला कधी राग आला नाही असं नाही. पण ती गायला लागली की माझा राग कुठं जायचा ते मला कळायचं नाही.

मंडळ फुटलं ते ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. काकीचा मुलगा एका पॅनेलमधून उभा होता. माझे थोरले दीर दुसऱ्या पॅनेलचे. काकीच्या मुलाच्या पॅनेलकडून मंडळाला एकसारख्या साड्या आल्या आणि प्रचाराच्या नारळाला भजन म्हणा असा निरोप आला. काकी म्हणाली, साडी सगळ्या नेसू. जाऊ म्हणाली, ती साडी माझ्या अंगाला लागायची नाही. देवळातच भांडण झालं.

"भजनाला बसलीस का प्रचाराला?" जाऊ म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यानं पॅनेल बदललं तवा इचारलंवतंस का आमाला?" काकी म्हणाली.

चाचा पखवाजाची खोळ बांधत होते. त्यांनी गाठ मारली आणि उठून गेले. पुन्हा ते कुठल्याच बाजूला वाजवायला बसले नाहीत. पेटी आणि टाळ काकीकडं राहिले. जाऊकडच्या बायकांना दुसऱ्या पॅनेलनं नवे टाळ आणून दिले. काकीचं मंडळ मारुतीच्या देवळात, जाऊचं शाळेशेजारच्या दत्ताच्या पारावर, तेसुद्धा त्याच गुरुवारी, त्याच वेळेला.

मला दोन्हीकडून विचारणं आलं. जाऊ तर घरातलीच. ती म्हणाली, "आमच्यात बसायचं. सतरंजी आपल्या घरची हाय." काकी दूध घालायला डेअरीत भेटली तेव्हा म्हणाली, "तू आमच्यातली हायस. घरच्यांचं काय ऐकतीस?" मला दोघींना नाही म्हणता आलं नाही. मी अर्धा वेळ इकडं उभी राहायचे, अर्धा वेळ तिकडं, दोन्हीकडं बाहेरच. आणि दोन्हीकडं ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकी शेवटचा शब्द टाकायची, तो पडायचा. बाकीच्या बायका उशिरा घाईघाईनं उचलायच्या. पारावर जाऊ पुढं म्हणायला बसली होती, पण ती जन्मभर झेलणारी. तिला पहिली ओळ टाकताच येत नव्हती. सुरुवात करताना ती इकडंतिकडं बघायची.

सुनेला मी म्हटलं, ग्रुप फुटल्यावर फॅननं कुणाला धरायचं? ती म्हणाली, "दोगांनाबी फॉलो करायचं." तिच्या मोबाइलवर ते होतं. आमच्या गावात होत नाही.

मग जाऊच्या छातीत दुखायला लागलं. बारामतीला दवाखान्यात ठेवलं. रात्रीची राहायला मी होते. तिथं तिनं मला शेणाबद्दल काही म्हटलं नाही. पलंगाच्या दांडीवर बोटांनी ठेका धरायची. एका सकाळी म्हणाली, "तिचा दम आजून तिथंच तुटतोय का गं?"

मी म्हटलं, "व्हय."

"तुटंल न्हाय तर काय. मागं कोण हाय तिला." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मी गेले तर येईल ती. बोलवू नका. मातीला कुणी आवतण देत न्हाय. येऊन बसंल दारात पेटी घेऊन, बघ तू."

आमच्याकडं तसंच आहे. माणूस गेल्यावर राख सावडली की दहाव्यापर्यंत रोज संध्याकाळी दारात भजन होतं. ते घरच्यांनी सांगायचं नसतं. ज्यांना यायचं ते आपणहून येतात. सुतकातल्या घरानं भजनाला बोलावणं म्हणजे अपमान, आपलाही आणि त्यांचाही. म्हणून जाऊ गेल्यावर मी कुणाला काही सांगितलं नाही. दारात फक्त सतरंजी टाकून ठेवली.

आमचं घर गावात नाही, वस्तीवर आहे, उसाच्या मधे. एका अंगाला गावातून येणारी गाडीवाट, दुसऱ्या अंगाला कालव्याच्या चारीवरची मोरी, बारकासा पूल. राख सावडून झाली त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि ओसरीत बसले. दोन्ही वाटा मला दिसत होत्या. मला वाटत होतं, आज त्या येतील. भांडण असू दे, बोलू नका एकमेकींशी, पण दोन्हीकडच्या समोरासमोर बसतील, काकी पेटी उघडेल. जाऊ असताना जे झालं नाही ते ती नसताना तरी होईल. एवढ्यासाठी मी थांबले होते. मला तेवढंच पाहिजे होतं.

चाचा आले. एकटेच, सायकलच्या कॅरिअरला पखवाज बांधून. सतरंजीवर बसले, खोळ काढली, म्हणाले, "वैनी, जरा कणीक मिळंल का? मऊ भिजवा."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. सुनेनं परातीतली थोडी कणीक दिली. चाचांनी ती थापली, थोडी काढली, पुन्हा थापली, आणि लागलाय का बघायला दोनचार थापा मारल्या. उसातून आवाज लांब गेला. मग हात मांडीवर ठेवून बसले.

"येतील," म्हणाले. "बायकांना घरचं आवरून यायचं असतंय."

कुणी आलं नाही. दीर आतबाहेर करत होते. शेवटी म्हणाले, "चाचा, जावा आता घरला." चाचांनी वाळत आलेली कणीक नखानं खरवडून काढली, मुठीत घेतली, जाता जाता गोठ्याच्या कडेला टाकली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. पुन्हा कणीक मागितली, पुन्हा दोन थापा, पुन्हा बसून राहिले. रोज असंच. दहाव्यापर्यंत आमच्या दारात एक ओळ कुणी म्हटली नाही. सुनेनं एकदा विचारलं, मोबाइलवर भजन लावू का. चाचांनीच नको म्हटलं. माझी एक नणंद आली होती, ती मला म्हणाली, "तू तर त्यांच्यात उठबस करत हुतीस. तू म्हण की एखादं. सगळं पाठ हाय तुला." मी तोंड उघडलंसुद्धा. घशातून काही आलं नाही. नणंद दुसरीकडं बघायला लागली. चाचासुद्धा.

दशक्रियेला नदीवर दोन्ही मंडळांतल्या बायका आल्या. एका कडेला त्या, दुसऱ्या कडेला त्या. काकीनं पदर डोक्यावरून पार खाली ओढला होता. तोंड दिसत नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी काकी वस्तीवर आली. मी धार काढत होते. ती गोठ्याच्या दारात उभी राहिली, आत येईना. मी उठले नाही. 

"मी आलीवते गं," ती म्हणाली. "सावडलं त्या दिवशी. समद्यांना घेऊन. मोरीपाशी थांबलो. म्हटलं त्यांच्याकडच्या आल्यात का बघू. मग पुढं येऊ."

मी म्हशीच्या अंगाला डोकं टेकवून ऐकत होते.

"पखवाज ऐकू आला. म्हटलं, बसल्या त्या. चाचांनाबी घेतलं त्यांनी. आमाला तिथं कुठली जागा. मागं फिरलो. मग रोजच म्हटलं, त्या हायत की."

"कुणी नव्हतं," मी म्हटलं.

"कळलं मागनं. कळलं तवा दहावा झालावता." तिनं नाक पुसलं. "काय म्हणत हुती गं ती? माझ्याबद्दल काय म्हणाली का?"

मी सांगितलं. दवाखान्यातलं सगळं सांगितलं, दमाचं आणि पेटीचं. माझ्या आयुष्यात एवढं सलग मी कुणाशी बोलले नव्हते. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं नंतर वाटलं. ती दाराची चौकट धरून धरून खाली बसली. मग उठून गेली. तिचं मंडळ त्या गुरुवारपासून बंद आहे. पेटी तिनं माळ्यावर टाकली म्हणतात.

जाऊकडच्या बायकांपैकी एक पिठाच्या गिरणीत भेटली. मी काही विचारलं नव्हतं. तिनंच काढलं. त्या गाडीवाटेनं आल्या होत्या, उसाच्या कडेला थांबल्या होत्या. "पखवाज वाजला आन् आमी म्हटलं, काकीनं आदी येऊन जागा धरली. मेलेल्याच्या दारातबी पुढं पुढं. मग दहाव्यापतुर फिरकलोच न्हाय." मी दळणाचा डबा पुढं सरकवला. गिरणीचा आवाज एवढा होता की माझं ऐकूही गेलं नसतं.

म्हणजे त्या संध्याकाळी मला पाहिजे होत्या त्या सगळ्या आल्या होत्या. एक बाजू मोरीवर, एक बाजू गाडीवाटेला, मधे आमची सतरंजी. कुणीच आलं नसतं तर मी कधीतरी ते सोसलं असतं. त्या आल्या होत्या हे मला सोसत नाही.

आता गुरुवारी संध्याकाळी मी लवकर आवरत नाही. सून तिच्या पोरांचं गाणं लावते, मी ऐकते. कधी विचारावंसं वाटतं, तुझ्या ग्रुपचे खरे फॅन कोण ते तुमच्यात कसं ओळखतात? मग विचारत नाही. आमच्या मंडळाचे खरे दोनच होतो. एकीला गाता आलं नाही, आणि एकजण वाजवायला आला म्हणून सगळ्या परत गेल्या.

परवा ब्लाउजचं कापड घेऊन चाचांच्या दुकानात गेले होते. माप घ्यायचं नव्हतं, जुना ब्लाउज बरोबर नेला होता. चाचांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "वैनी, एवढी वर्षं थोरल्या वैनींसंगं वाजवलं. बाकी कुणी न्हाय आलं, पण मी गेलो. त्यांच्या दारात निदान थाप तरी पडली. तेवढं तरी बरं झालं का न्हाय?"

मी म्हटलं, "व्हय चाचा."

"बाह्या लांब ठेवू का आखूड?"

"लांब," मी म्हटलं, आणि पायरी उतरून आले.