आम्ही आणि आपण

मीरा, निखिल, काल फोनवर तुम्ही इतिहासाच्या तासाबद्दल बोललात, म्हणून हे लिहिते आहे. जुन्या क्रांतिकारी पत्रकातलं वाक्य लोकांना कसं पटवतं, हे शाळेत असताना आम्हीही शोधत असू. पत्रक इंग्रजी होतं. बाई आधी मराठी करायला लावत.

एकदा माझ्या वर्गातल्या विमलने 'वुई'चं 'आम्ही' केलं. सुशीला मागच्या बाकावर एकटी बसे. तिच्या जातीमुळे शेजारी कोणी बसत नसे. तिने विचारलं, "बाई, ह्यात मी आहे का?"

बाईंनी 'आम्ही' पुसून 'आपण' लिहिलं. "आता आलीस ना?"

"वाक्यात आले, बाई. बाकावर नाही."

बाईंनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "विमल, दप्तर घेऊन मागे जा."

"सरक गं थोडी," विमल तिथे पोचल्यावर म्हणाली.

इंग्रजीतल्या 'वुई'त ऐकणारा आत आहे की बाहेर, हे झाकून राहतं. मराठीला ते सांगावंच लागतं. पत्रकातलं ते वाक्य मला आता आठवत नाही. पण काल फोन ठेवताना मीरा म्हणाली, "आजी, आपण उद्या बोलू." तुमच्या मोडक्या मराठीत 'आपण' अजून शिल्लक आहे.